साखळी टिकते ती वेळापत्रकावर

दुकानाचे शटर खाली आले, दिवसाचा गल्ला मोजून झाला, की वऱ्हाडातील व्यापारी पेठांत संध्याकाळची एक वेगळी वर्दळ सुरू होते. समाजभवनाच्या सभागृहात कॅरमचे बोर्ड मांडले जातात, पावडर उडते, स्ट्रायकरचा आवाज घुमू लागतो. दिवसभर भावाच्या चढउतारात गुंतलेली माणसे तास-दोन तास सोंगट्यांत रमतात. अमरावतीला खेळाचे हे वेड नवे नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. अकोल्याच्या मैदानांनाही तालमीची आणि क्रिकेटची जुनी परंपरा आहे.

अशा ठिकाणी हौशी खेळाडूंची एखादी साखळी स्पर्धा सुरू करावी, असा विचार दर एक-दोन वर्षांनी कोणाच्या तरी मनात येतो. नावे भराभर येतात, ढालीसाठी देणगीदारही मिळतो. पहिले दोन आठवडे उत्साहाचे जातात. त्यानंतर कोणाकडे लग्न निघते, कोणी खरेदीसाठी सुरतेला जातो, एका संघाचे चार सामने होतात तर दुसऱ्याचा एकच होतो, आणि ‘तुमच्या सोयीने तारखा लावल्या’ अशी कुजबुज सुरू होते. स्पर्धा बंद पडते तेव्हा सर्वजण म्हणतात की उत्साह कमी पडला. वस्तुतः बहुतेक वेळा कमी पडलेले असते ते वेळापत्रक.

बाद पद्धत की साखळी?

स्पर्धेची सर्वांत सोपी रीत म्हणजे बाद पद्धत. सोळा खेळाडू असतील तर पंधरा सामन्यांत विजेता ठरतो, कारण प्रत्येक सामन्यात एकजण बाहेर जातो आणि अखेरीस एकच उरायचा असतो. हिशेब सुटसुटीत आहे. पण पहिल्याच रात्री आठजण घरी जातात, आणि जाणारे आठ बहुधा नवशिके असतात, ज्यांना खेळण्याची गरज सर्वाधिक असते. हौशी खेळाचा हेतूच सर्वांना खेळायला मिळावे हा असल्यामुळे येथे साखळी पद्धत अधिक न्याय्य ठरते. तीत प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी पडते आणि शेवटच्या क्रमांकाचा खेळाडूही पहिल्या क्रमांकाइतकेच सामने खेळतो.

या न्यायाची किंमत मात्र मोजावी लागते. सोळाजणांच्या साखळीत सामने होतात १२०. संख्येला तिच्याहून एकने लहान संख्येने गुणावे आणि दोनने भागावे, की सामन्यांची संख्या मिळते. हा नियम शाळेत पाश्चात्त्य गणित म्हणून शिकवला जात असला, तरी त्याचे मूळ आपल्याकडे फार जुने आहे. जैन आगमांत, विशेषतः भगवतीसूत्रात, अनेक वस्तूंतून एक-एक, दोन-दोन, तीन-तीन निवडण्याचे प्रकार मोजलेले आढळतात. पुढे इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात अशा निवडींची संख्या काढण्याचा सर्वसामान्य नियम दिला. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ साली आपल्याच सोलापुरातून, जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.

महावीराचार्यांच्या उदाहरणात तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट आणि गोड असे सहा रस आहेत. त्यांतील दोन-दोन रसांची मिश्रणे किती? सहा गुणिले पाच भागिले दोन, म्हणजे पंधरा. रसांच्या जागी संघ ठेवले, तर सहा संघांच्या साखळीतील सामनेही पंधराच येतात. हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे गणित आजच्या कॅरम समितीच्या कामी जसेच्या तसे येते.

वर्तुळ फिरवण्याची युक्ती

पंधरा सामने कळले, तरी ते कोणत्या क्रमाने लावायचे हा प्रश्न उरतोच. एका फेरीत प्रत्येक संघ एकदाच खेळावा आणि पाच फेऱ्यांत सर्वांच्या गाठी संपाव्यात, हे अंदाजाने जुळवू पाहणारा तिसऱ्या फेरीपाशी हमखास अडतो. त्यासाठी एक सोपी रीत आहे. पहिल्या ओळीत १, २, ३ लिहावे. त्यांच्या खाली उलट क्रमाने ६, ५, ४ लिहावे. वरखाली आलेल्या जोड्या म्हणजे पहिली फेरी. नंतर १ ला जागचे हलवायचे नाही; उरलेल्या पाच आकड्यांना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक घर सरकवायचे. दर वेळी नवी फेरी तयार होते :

पहिली फेरी : १–६, २–५, ३–४
दुसरी फेरी : १–५, ६–४, २–३
तिसरी फेरी : १–४, ५–३, ६–२
चौथी फेरी : १–३, ४–२, ५–६
पाचवी फेरी : १–२, ३–६, ४–५

पडताळा घ्यावा, पंधराही जोड्या येतात आणि एकही दोनदा येत नाही. आठ, दहा, बारा संघांसाठीही रीत हीच. बुद्धिबळाच्या स्पर्धांत याच जातीचे तक्ते ‘बर्जर तक्ते’ म्हणून ऑस्ट्रियाचे बुद्धिबळपटू योहान बर्जर यांच्या नावाने ओळखले जातात.

संघ विषम असतील, तर एक काल्पनिक संघ धरून तोच तक्ता वापरावा. ज्याची गाठ त्या काल्पनिक संघाशी पडेल, त्याला त्या फेरीत विश्रांती. १९९२ च्या क्रिकेट विश्वचषकात नऊ संघ होते. प्रत्येकाने उरलेल्या आठांशी सामना खेळला आणि साखळीत ३६ सामने झाले. २०१९ आणि २०२३ मध्ये दहा संघ झाले, तेव्हा हाच आकडा ४५ वर गेला. एक संघ वाढला की सामने एकाने वाढत नाहीत. नऊच्या साखळीत दहावा संघ घेणे म्हणजे नऊ सामने वाढवणे. ‘अजून एक संघ आला तर काय बिघडते?’ या प्रश्नाचे उत्तर समितीने हा हिशेब मांडूनच द्यावे.

सामने वाढले आणि दिवस मात्र तेवढेच राहिले, तर काय करावे, हे आयपीएलच्या उदाहरणावरून कळते. २०२२ मध्ये संघ दहा झाले. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे ठरवले असते, तर साखळीतच ९० सामने झाले असते. आयोजकांनी संघांची गटवारी करून प्रत्येक संघाला पाच संघांशी दोनदा आणि चार संघांशी एकदा खेळायला लावले. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला १४ सामने आले आणि साखळी ७० सामन्यांत आटोपली. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या स्पर्धेलाही अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात. हौशी समितीला तर त्याहून अधिक.

आधी दिनदर्शिका, मग सामने

हौशी साखळी कशी टिकते याचा महाराष्ट्रातील उत्तम नमुना म्हणजे मुंबईची कांगा लीग. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली ही क्रिकेट स्पर्धा पावसाळ्यातील म्हणून प्रसिद्ध आहे. ओलसर खेळपट्टी आणि मध्येच येणारी सर गृहीत धरूनच तिची आखणी झाली. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या खेळाडूंना मिळणारा रविवार हाच तिचा दिवस राहिला. संघांची विभागणी श्रेणींत केलेली असल्यामुळे तुल्यबळांशी गाठ पडते, आणि तळाच्या संघाला खाली जाण्याची धास्ती तर वरच्याला चढण्याची आशा राहते. आझाद मैदानावर एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टींजवळ उभा असलेला दिसतो, इतकी जागेची टंचाई असते. तरीही लीग चालत आली, कारण तिने खेळाडूंच्या जगण्यातील अडचणी आधी ओळखल्या आणि त्यांभोवती सामने बसवले.

इंग्लंडमध्ये डार्ट, म्हणजे भिंतीवरील चकतीवर छोटे बाण फेकण्याचा खेळ, याच रीतीने वाढला. तेथील पबमधून आठवड्याची एक रात्र ठरलेली असते; एका रात्री घरच्या चकतीवर, पुढच्या वेळी पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या चकतीवर. वार ठरलेला असल्यामुळे खेळाडू ती संध्याकाळ आधीपासूनच मोकळी ठेवतो.

वऱ्हाडातील व्यापारी कुटुंबांसाठी ही दिनदर्शिका कशी दिसेल? पहिले काम खेळता न येणारे दिवस खोडण्याचे. भाद्रपदातील पर्युषण आणि दशलक्षण पर्वाचे दिवस सोडावे लागतील. अष्टमी-चतुर्दशीला उपवास करणाऱ्यांचा विचार करावा. दिवाळीआधीचे तीन आठवडे गिऱ्हाइकांचे. दिवाळीनंतर कापूस आणि सोयाबीनची आवक वाढते, तेव्हा धान्य-कापसाच्या व्यापाऱ्याला उसंत नसते. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतात, आणि मार्चअखेर तर विचारूच नये. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, शिवाय लग्नसराई. एवढे सारे वजा केल्यावर जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै ते पर्युषणापर्यंतचा काळ, असे दोन सलग तुकडे हाती राहतात. साखळी मोठी असेल तर ती या दोन तुकड्यांत विभागावी. ओढून-ताणून वर्षभर चालवू नये.

वेळेचा विचारही असाच करावा लागतो. डिसेंबरात येथे सूर्यास्त सायंकाळी पावणेसहाच्या आसपास होतो. चौविहार पाळणारा खेळाडू त्याआधी जेवतो आणि दुकान मात्र आठ-साडेआठपर्यंत उघडे असते. म्हणून रात्रीचा सामना नऊला ठेवावा, पण त्यासोबत अल्पोपाहार ठेवू नये. खाण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळच्या सामन्यांना जोडावा. ही बाब किरकोळ वाटली, तरी ज्येष्ठ मंडळी आणि स्त्रिया स्पर्धेत येतात की नाही, हे बरेचसे अशाच गोष्टींवर ठरते.

किती तास लागतील?

कॅरमच्या नियमांनुसार एक डाव २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा, आणि सामना तीनपैकी दोन डावांचा. म्हणजे सामना लवकर संपला तर उत्तमच, पण लांबला तर चोवीस बोर्डांपर्यंत जाऊ शकतो. समितीने सरासरीवर विसंबून न राहता लांबलेल्या सामन्याचीही सोय ठेवावी.

समजा, दोन संघांच्या लढतीत तीन एकेरी आणि दोन दुहेरी असे पाच सामने ठेवले आणि प्रत्येकासाठी एक तास धरला. दोन बोर्ड असतील तर पाच सामन्यांना तीन तास लागतील. नऊला सुरू झालेली लढत रात्री बारापर्यंत जाईल, आणि सकाळी दुकान उघडायचे असते. येथे कागदावरच दिसते की रात्रीच्या लढतीला तीन बोर्ड हवेत किंवा सामने तीनच हवेत. हा निर्णय ऑगस्टमध्ये खेळाडू जांभया देऊ लागल्यावर घेण्यापेक्षा जूनमध्ये कागदावर घेणे केव्हाही चांगले.

दोन शहरे, एक रस्ता

अमरावती आणि अकोला यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ जून २०२२ मध्ये जगभर गाजला. लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम नोंदवला गेला. रस्ता चांगला झाला, तरी शंभरेक किलोमीटरचे अंतर आणि परतीचा प्रवास उरतोच. दोन शहरांच्या साखळीत सर्वाधिक कुरबूर होते ती ‘दर वेळी आम्हीच का यायचे?’ या प्रश्नावरून.

एक संघ एकदा घरी, एकदा बाहेर, असे आलटून-पालटून सर्वांना देता येईल असे वाटते. पण ते शक्य नाही, आणि त्याचे कारण मोठे मजेदार आहे. असा आलटापालटीचा क्रम दोनच प्रकारचा असू शकतो : घरापासून सुरू होणारा किंवा बाहेरपासून सुरू होणारा. ज्या दोन संघांचा क्रम एकच आहे, ते प्रत्येक फेरीत एकतर दोघेही घरी असतील किंवा दोघेही बाहेर. मग त्यांची एकमेकांशी गाठ पडणार कशी? साखळीत तर प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी पडायलाच हवी. म्हणून अगदी काटेकोर आलटापालट जास्तीत जास्त दोनच संघांना मिळू शकते. सहा संघ असतील, तर उरलेल्या चौघांना निदान एकदा तरी लागोपाठ दोनदा घरी किंवा लागोपाठ दोनदा बाहेर खेळावे लागतेच. हे आरंभीच समजावून सांगितले, तर सचिवावरचा पक्षपाताचा आरोप टळतो.

प्रवास मात्र कमी करता येतो. समजा, सहा संघांपैकी तीन अमरावती-बडनेरा बाजूचे आणि तीन अकोला-मूर्तिजापूर बाजूचे आहेत. पंधरापैकी सहा लढती बाजू-बाजूंतच होतील. त्या आठवड्यातील रात्री उरकाव्यात. उरलेल्या नऊ लढती दोन बाजूंमधल्या. त्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे एकेक करून लावल्या, तर नऊ वेगवेगळे प्रवास होतील. त्याऐवजी तीन रविवार निवडावेत आणि प्रत्येक रविवारी तीन लढती एकाच ठिकाणी ठेवाव्यात : एक रविवार अमरावतीत, एक अकोल्यात आणि तिसरा साधारण मध्यावरच्या मूर्तिजापुरात. सहा बोर्ड असले की सकाळी दहाला सुरू झालेल्या तिन्ही लढती दुपारी एकपर्यंत संपतात. सर्व संघ एकत्र भेटतात, गाड्या वाटून घेता येतात, आणि घरची मंडळीही सोबत येऊ शकतात.

शेवटच्या फेरीची कसोटी

वेळापत्रकात नीतीचाही प्रश्न असतो. १९८२ च्या स्पेनमधील फुटबॉल विश्वचषकात अल्जीरियाने बलाढ्य पश्चिम जर्मनीला हरवून खळबळ उडवली होती. त्या गटातील अल्जीरियाचा अखेरचा सामना २४ जूनला संपला, आणि पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांचा सामना दुसऱ्या दिवशी होता. जर्मनी एका गोलाने जिंकली तर दोघेही पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर पडणार, हे मैदानात उतरण्यापूर्वीच दोघांना ठाऊक होते. दहाव्या मिनिटाच्या सुमारास जर्मनीने गोल केला आणि त्यानंतर दोन्ही संघांनी वेळ काढण्यापलीकडे फारसे काही केले नाही. सामना १–० असाच संपला. नियमाचा भंग झाला नसल्यामुळे निकाल कायम राहिला. पण पुढच्या, १९८६ च्या, विश्वचषकापासून गटातील शेवटचे सामने एकाच वेळी ठेवले जाऊ लागले.

यातून हौशी समितीने दोन गोष्टी घ्याव्यात. शेवटच्या फेरीतील सर्व लढती एकाच वेळी व्हाव्यात, आणि पुढे ढकललेली कोणतीही लढत शेवटच्या फेरीपूर्वी पूर्ण व्हावी. एक लढत मागे उरली की निकाल माहीत असलेल्याला निकाल वाकवण्याचा मोह होतो. आणि मोह झाला नाही तरी संशय येतोच. एकाच पेठेत रोज तोंडे पाहणाऱ्या माणसांच्या व्यवहाराला असा संशय परवडत नाही.

काही नियम सोडतीपूर्वीच लिहून सर्वांच्या सह्यांनिशी ठेवावेत. लढत पुढे ढकलायची असेल तर किती दिवस आधी कळवायचे आणि ती किती दिवसांत खेळायची. संघ आलाच नाही तर प्रतिस्पर्ध्याला किती गुणांनी पुढे चाल. गुण समान झाल्यास आधी काय पाहायचे. एखादा संघ अर्ध्यातून निघून गेला तर काय, याचेही उत्तर हवे. बुद्धिबळाच्या साखळीत निम्म्याहून कमी डाव खेळून बाहेर पडलेल्याचे निकाल गुणतक्त्यात धरत नाहीत, म्हणजे त्याच्याशी जे खेळले आणि जे खेळले नाहीत ते सारखे होतात. हाच नियम येथेही घेता येईल.

संघांना क्रमांक देण्याची सोडत तर सर्वांसमक्षच व्हावी. वेळापत्रक करणारा सचिव बहुधा स्वतःही एका संघातून खेळत असतो. त्यामुळे तक्ता आधी आकड्यांतच तयार करून, कोणता आकडा कोणाचा हे लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढून ठरवावे. तक्ता करताना स्वतःचा आकडा ठाऊक नसणे हीच सचिवाच्या निःपक्षपातीपणाची सर्वांत मोठी हमी.

वहीत शेवटी तेरीज जुळवून पाहतात, तशी या तक्त्याचीही जुळवावी. प्रत्येक संघाच्या लढती पाच आहेत ना? सर्वांच्या लढतींची बेरीज तीस येते ना, म्हणजे पंधराच्या बरोबर दुप्पट? प्रत्येक लढत एकाच्या खात्यात घरची आणि दुसऱ्याच्या खात्यात बाहेरची पडली का? स्पर्धेच्या प्रत्येक टप्प्यावर विजयांची बेरीज आणि पराभवांची बेरीज सारखी आहे का? दहा मिनिटांचे हे काम आहे. पण त्यात सापडलेली एक चूक पुढची दहा भांडणे वाचवते.

मग तो कागद सभागृहाच्या दाराशी लावावा आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तेथेच राहू द्यावा. विजेत्याचे नाव ढालीवर कोरले जाते आणि ती कोणाच्या तरी कपाटात जाते. तळाच्या संघातील नवशिका मुलगा मात्र त्या कागदावर बोट फिरवून पाहतो की त्याचेही पाच सामने ठरलेले आहेत आणि त्यांतला एक गेल्या वर्षीच्या विजेत्याशी आहे. त्या दिवशी संध्याकाळी दुकानातून वेळेवर सुटण्याची परवानगी तो आठवडाभर आधीच वडिलांकडे मागून ठेवतो.